काचेच्या नळीतला निकाल

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली आणि निवृत्त झाल्यावर वर्षाच्या आत त्यांना साखर निघाली. यात नवल काही नव्हतं. काम थांबलं होतं, ताट थांबलं नव्हतं. दिवसभर ट्रक रिकामे करणाऱ्या माणसाला लागतं तेवढं जेवण ते ओट्यावर बसून जेवत होते.

नव्वदीच्या दशकात आम्ही कोपरखैरण्याला माथाडी कामगारांच्या वसाहतीत राहायचो. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं मोरी. मी जवळच्या पावणे गावातल्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर होते. नवरा कामानिमित्त पंधरा-पंधरा दिवस बाहेरगावी असायचा. त्यामुळे घरात मी, सासूबाई आणि सासरे. साताऱ्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्या आणि मामा म्हणायची.

साखरेचं मामांना काही वाटलं नाही. त्यांना काळजी होती डोळ्यांची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि उजवा पिकला होता. आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्ताचा रिपोर्ट वाचला आणि फाईल मिटून माझ्याकडे सरकवली.

"आधी साखर उतरवा. मग डोळ्याला हात लावतो."

"चैत्राच्या आत हुईल का?" मामांनी विचारलं.

"ते तुमच्यावर आहे."

चैत्रात आमच्या गावची यात्रा असते आणि यात्रेत कुस्त्यांचा फड. मामा तरुणपणी पैलवान होते, पुढं पुष्कळ वर्षं त्याच फडात पंच. आदल्या यात्रेत त्यांनी एका पोराला चितपट दिलं. पोराची पाठ मातीला टेकलीच नव्हती. सगळ्या गावाला दिसलं, मामांना दिसलं नाही. त्या पोरानं नुसती आपली कोरडी पाठ फडाभोवती फिरवून दाखवली. पाठीवर मातीचा कण नव्हता.

गावकऱ्यांनी मामांचा मान ठेवला. पुढच्या वर्षी स्टेजवर बसा, नारळ फोडा, म्हणाले.

"नारळ फोडाय मी काय पुढारी हाय?" मामा घरी येऊन एवढंच बोलले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांचं न जेवणं ही आमच्या घरातली मोठी घटना होती.

तर चैत्राच्या आत डोळा पाहिजे आणि डोळ्यासाठी साखर खाली पाहिजे. दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या वसाहतीजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, भाकरी दोनच, गोड बंद, रोज अर्धा तास चालायचं. मी मेडिकलमधून लघवी तपासायचं निळं औषध आणि काचेची नळी आणली. तेव्हा घरी तपासायची सोय ती एवढीच. नळीत औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा म्हणजे थोडी, पिवळा म्हणजे जास्त, मग नारंगी आणि शेवटी विटकरी.

"माझ्या गॅसवर हे उकळायचं न्हाई," आत्या म्हणाल्या. ते मलाही पटलं. मग मोरीत वातीचा स्टोव्ह पेटवून मी दर रविवारी सकाळी हा उद्योग करायची. चिमट्यात नळी धरलेली, मामा दारात उभे, आत्या नाकाला पदर लावून त्यांच्या मागं.

पहिल्या रविवारी रंग आला नव्या कौलासारखा.

"हिरवा दिसतोय की," मामा म्हणाले.

"विटकरी आहे, मामा."

"मला हिरवा दिसतोय."

"तुमास्नी त्या पोराची पाठ बी मातीत दिसली व्हती," आत्या म्हणाल्या. मामा ओट्यावर जाऊन बसले.

पुढचे चार रविवार रंग तोच. गोळ्या मी माझ्या हातानं देत होते. भाकऱ्या दोनच होत्या, मी रोज मोजत होते. चालणं तर डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्त होतं. पहाटे निघायचे आणि उन्हं वर आल्यावर परतायचे. आधी मला वाटलं औषधच शिळं आहे. मग एका संध्याकाळी आत्या देवळात गेल्या होत्या म्हणून मी वाढायला बसले आणि मामांच्या ताटासाठी झाकून ठेवलेली भाकरी उचलली. माझ्यासाठी ठेवलेली दुसऱ्या हातात घेतली. माझा कामाचा दिवस खोकी हातात तोलण्यात जायचा, त्यामुळे फरक कळायला काटा लागला नाही. मामांची एक म्हणजे माझ्या अडीच. परातभर रुंद आणि बोटभर जाड.

आत्या आल्यावर मी ती भाकरी त्यांच्यापुढं ठेवली.

"दोनच म्हणाला व्हता ना डाक्टर? दोनच हायत," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढा मोठा गडी. दोन फुलक्यांवर कसा झोपंल?"

मी भांडले नाही. दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या मी थापायला लागले आणि आत्यांकडे कालवण दिलं. तीन आठवड्यांत रंग विटकरीवरून नारंगीवर आला आणि तिथंच बसला. पौष लागला. चैत्र जवळ येत होता आणि नारंगी हलेना.

मला सुट्टी होती त्या दिवशी मी मामांच्या मागं निघाले. पुष्कळ अंतर ठेवून. तशी गरज नव्हती, मागं वळून पाहिलं असतं तरी त्यांना मी दिसले नसते. चाल मात्र अशी की मला धाप लागली. पाऊण तासात आम्ही तुर्भ्याच्या मार्केटात होतो. मामांची हयात कांदा-बटाट्यात गेली, पण भाजी मार्केट मुंबईतून इकडं आल्यापासून आमच्या गावची टोळी भाजीत काम करत होती. टोळी म्हणजे एकत्र माल उतरवणारी आठ-दहा माणसं, सगळी एका खोऱ्यातली. गाड्या खाली करून ती कोबीच्या पोत्यांवर बसली होती.

"आलं का वस्ताद. बसा." कुणीतरी गोणपाट झटकलं. चहा आला. मी लाल भोपळ्यांच्या ढिगामागं उभी राहून मोजायला लागले. पहिला चहा. मग, "वस्ताद, आता माझा." दुसरा, खारीबरोबर. मग, "काल माझी पाळी राहिली व्हती." तिसरा. पाच कटिंग झाल्यावर मुकादमानं टेम्पोवाल्याला हाक मारली, "वस्तादास्नी कोपरखैरण्याला सोड रं." म्हणजे येणं टेम्पोतून.

मी भोपळ्यांमागून बाहेर आले. मुकादम उभाच राहिला.

"वहिनी, तुमी हितं?"

"सहावा चहा मी पाजू का यांना?"

मामांनी आवाज ओळखला आणि हातातला पेला खाली ठेवला. मी मुकादमाला साखरेचं, डोळ्याचं, चैत्राचं सगळं सांगितलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. मामांनी टोळीत कुणाला सांगितलंच नव्हतं.

"वस्ताद, एका शब्दानं बोलायचं की," तो म्हणाला.

"काय सांगू? तुमचा पंच आंधळा झालाय म्हणून?"

मग मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, चहा बंद करायचं मला सांगू नका. ज्याची पाळी हाय त्यानं वस्तादाला रिकामं लावून द्यायचं म्हंजी टोळीत तोंड दावायची सोय राहत नाय. आन् वस्ताद तरी कुनाला नाय म्हनतील? एकाचा घेतला की दुसऱ्याचा घ्यावाच लागतो."

"मग चहाच कशाला? दुसरं द्या काही."

"हितं दुसरं काय हाय? भाजीच हाय."

"मग भाजी द्या. गावाकडं नाही का शेतातलं काही निघालं की वानवळा देतात? तसा द्या. ज्याची पाळी त्याचा वानवळा."

मुकादमानं टोळीकडं पाहिलं. एकजण म्हणाला, "वस्ताद दुधी खातील का पन?"

"खातील," मी म्हणाले.

घरी येईपर्यंत मामा बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाहीत. सून मार्केटात मागोमाग आली आणि टोळीपुढं घरातलं बोलली, हे त्यांना लागलं होतं. तीन दिवस मला काही सांगायचं झालं तर ते आत्यांना सांगायचे. मी समोर असले तरी. "तिला म्हनावं गोळी घेतली." आत्या कंटाळून म्हणाल्या, "ती बहिरी न्हाई, तुमीच आंधळं हाय." मी भाकरी थापत राहिले.

चौथ्या दिवशी ते खांद्यावर पिशवी टाकून आले, ते सुद्धा चालत. पिशवीत दोन दुधी, अंबाडीची जुडी, शेवग्याच्या शेंगा आणि कारली.

"टेम्पो नाही मिळाला?" मी विचारलं.

"वझं घिऊन टेम्पोत बसायचं?" ते थेट माझ्याशी बोलले. "मार्केट हसंल."

हे मी ठरवलेलं नव्हतं. रिकाम्या हातानं ते टेम्पोत बसायचे, खांद्यावर चार किलो आल्यावर मात्र चालत यायचं. मला त्यात तर्क सापडला नाही, पण मी शोधलाही नाही.

पुढचे दोन महिने आमच्या घरात भाजीचा पूर होता. टोळीतल्या माणसांना वाटायचं आपला वानवळा दुसऱ्यापेक्षा कमी दिसू नये. सोमवारी एकानं अर्धा किलो तोंडली दिली तर मंगळवारी दुसरा किलोभर घोसाळी द्यायचा. कारल्याचा तर सगळ्यांनी ध्यास घेतला. साखरेला कारलं चांगलं, हे प्रत्येकाला वेगवेगळ्या माणसानं सांगितलं होतं. आत्या म्हणायच्या, "गुरावानी पालाच खायचा का आता?" पण अंबाडीची भाजी त्या अशी करायच्या की मामांना छोट्या भाकरीची आठवण राहायची नाही. उरलेलं मी शेजारी वाटायला लागले.

शेजारी कोपरखैरणे गावातली एक आगरी बाई राहायची. तिला रक्तदाब होता. डॉक्टरनं तिलाही चालायला सांगितलं होतं.

"नुसता चालाचा? साडी नेसून, हात हालवीत?" ती मला म्हणाली. "लोक विचारतीन, कुठं चाल्लीस? काय सांगू?"

"सांग, भाजीला चालले. मामांबरोबर जा."

ती गेली. आठवड्याभरात तिच्याबरोबर आणखी दोघी गेल्या. मग पहाटे पाच वाजता आमच्या ओट्यापुढं पिशव्या घेतलेल्या सात-आठ बाया उभ्या राहायला लागल्या. फिरायला जाणाऱ्या बाईला तेव्हा आमच्या वसाहतीत कारण लागायचं, भाजीला जाणारीला लागायचं नाही. मामा पुढं आणि मागं ही पलटण. एकदा मीही गेले. बायांचं बोलणं ऐकता ऐकता कधी पोचलो ते कळलं नाही. मामा मध्येच मागं न बघता म्हणायचे, "बोलणं कमी, पाय जास्ती." मग आगरी बाई म्हणायची, "वस्ताद, तोंडालाबी व्यायाम लागतं." 

नारंगीचा पिवळा झाला. पिवळ्यावर दोन रविवार अडला. माघ सरता सरता हिरवा आला आणि फाल्गुनात एकदा निळा. मी नळी मामांपुढं धरली.

"कंचा?"

"निळा."

"खोटं बोलू नगं."

"खोटं बोलून मला काय मिळणार?"

त्यांना ते पटलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळ्याची तारीख दिली. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, जाड भिंगाचा चष्मा आला. घरी आल्यावर मामांनी आधी छताकडं पाहिलं आणि म्हणाले, जाळी झालीत. मग माझ्याकडं पाहून म्हणाले, "तुझं क्यास कवा पांढरं झालं?"

"दोन वर्षं झाली."

"सांगायचं न्हाई व्हय?"

चैत्रात आम्ही गावी गेलो. स्टेजवरची खुर्ची रिकामी ठेवून मामा फडात उतरले. कुणी अडवलं नाही, पण कुणी या म्हणालंही नाही. आम्ही बायका लांब, देवळाच्या पायऱ्यांवर. तिथून फडातलं काही दिसत नाही, फक्त भोंगा ऐकू येतो. तो मागच्या वर्षीचा पोरगा पुन्हा लढतीला होता, एवढं कळलं. मग एकदम गलका झाला, शिट्ट्या झाल्या, गर्दीवर फेटे उडाले. पोरगा पडला, असं शेजारची बाई म्हणाली. आत्यांनी माझा हात धरला. भोंग्यातून बराच वेळ काही आलं नाही. मामा त्या वेळी मातीत पालथे झोपून पोराच्या खांद्याखाली बघत होते, हे आम्हाला नंतर कळलं. मग त्यांचा आवाज आला.

"माती लागली न्हाई. कुस्ती चालू."

तो पोरगा पुढं चारच मिनिटांत चितपट झाला, ते वेगळं. पण या वेळी त्याच्या पाठीवर माती होती आणि ती सगळ्यांना एकदमच दिसली.

यात्रा म्हटल्यावर पुरणपोळी आली, दुसऱ्या दिवशी मटण आलं आणि वस्तादांना आग्रह करणारी घरं तर गावभर होती. पाच दिवस मी काही बोलले नाही. परत आल्यावर पहिल्याच रविवारी मोरीत स्टोव्ह पेटवला.

रंग बदलला तसं आत्या मागून म्हणाल्या, "हिरवा हाय. हिरवाच हाय की गं?"

मी उत्तर देण्याआधी मामांनी माझ्या हातातला चिमटा घेतला. मोरीतून बाहेर ओट्यावर गेले. उजेडाकडं तोंड करून, चष्मा सारखा करून त्यांनी नळी डोळ्यासमोर धरली आणि सावकाश फिरवली. घाई केली नाही. आत्या पुन्हा म्हणाल्या, हिरवा.

"नारंगी," मामा म्हणाले. "पडलो."

नळी त्यांनी माझ्या हातात परत दिली. आमच्या भाजीच्या मोठ्या पिशवीचा बंद यात्रेला जाताना तुटला होता. तो शिवायला त्यांनी सुई-दोरा मागितला आणि सुईत दोरा स्वतःच ओवला.