अक्कांचं जवस

अक्का गेल्याचा निरोप शेजारच्यांच्या फोनवर आला. मी शाळेत निघाले होते. सुरतेहून आलेला त्यांचा मुलगा एवढंच म्हणाला, "काकू, आई गेली. झोपेतच." जळगावहून पहिली मिळाली ती एस.टी. धरून आम्ही दोघं नवरा-बायको धुळ्याला आणि तिथून गावी पोचलो, तेव्हा अंगणात बाया जमल्या होत्या आणि जी ती एकच वाक्य बोलत होती... "नवऱ्याची सेवा करावी तर हिच्यासारखी." आता दीड महिना झाला. त्या वाक्यामुळेच हे लिहायला बसले आहे.

अक्का माझी थोरली जाऊ. मी एक्याऐंशी साली लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा आबांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या, छातीत एकदा कळ येऊन गेली होती. धुळ्याच्या वैद्यांनी लोणी-तूप बंद करून रोज दोन चमचे जवस भाकरीबरोबर खायला सांगितलं होतं. ते जवस म्हणजे अक्कांचा प्रांत. धुळ्याच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर दोन-तीनदा गेले. त्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालायच्या आणि मूठ वर काढायच्या. दाणा बोटांतून पाण्यासारखा निसटला तर माल चांगला, तळव्याला चिकटून राहिला तर ओल लागलेली. मग दोन दाणे दाताखाली. घरी आल्यावर ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून डब्यात भरायचं. गिरणीवाला जवस घेत नसे, तेल सुटून दगड बसतो म्हणून. त्यामुळे दर आठवड्याला मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचं, खलबत्त्यात कुटायचं आणि आठ दिवसांपुरतंच बरणीत भरायचं. "कुटेल जवस आठ दिनना वर ठेवू नही," त्या मला शिकवायच्या, "खवट व्हस."

आबा गावात भला माणूस म्हणून ओळखले जात. कुणाची सोयरीक जुळवायची, कुणाची भांडणं मिटवायची, तर आबा. घरात ते फार बोलत नसत. न बोलण्याचीच आम्हाला भीती वाटे.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात एक दिवस जेवताना जवसात खडा निघाला आणि आबांच्या दाढेचा टवका उडाला. ते ओरडले नाहीत. चूळ भरली, अंगणात गेले. तिथे नव्या न्हाणीघरासाठी वाळू पडली होती. ओंजळीत मावेल तेवढी जाड वाळू घेऊन आले, जवसाच्या भरल्या डब्यात ओतली आणि हाताने तळापासून ढवळली. मग डबा अक्कांसमोर सरकवून म्हणाले, "आते निवड. वट्टावर बशीसन निवड." चाळायचं नाही, पाखडायचं नाही, अशी वर ताकीद. जवसाला पाणी लागलं की ते बुळबुळीत होतं, म्हणून धुवायचीही सोय नव्हती. दाणा आणि वाळूचा कण, दोन्ही एकाच आकाराचे.

अकरा दिवस अक्का रस्त्याकडेच्या ओट्यावर पाय दुमडून बसल्या. सकाळी बसायच्या त्या ऊन कलेपर्यंत. येणारी-जाणारी विचारायची, काय चाललंय? आबाच उत्तर द्यायचे, "तिले दिसत नही, नजर सुधारी ऱ्हायनू." लोक हसायचे. अक्कांचे डोळे सुजले, पाणी गळायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी जाऊन शेजारी बसले, चिमूटभर जवस पुढ्यात ओढलं. आबा म्हणाले, "धाकटी, ऊठ." मी उठले. एकोणीस वर्षांची होते, नवी होते... पण उठले हे खरं. त्या अकरा दिवसांत आबांना गरम भाकरी मीच वाढत होते.

पुढे आम्ही नोकरीसाठी जळगावला आलो. ब्याण्णवमध्ये आबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्या दिवाळीला मी गेले तर आबांची खाट ओट्यावर होती आणि अक्का त्यांना कण्यांत कालवून जवस भरवत होत्या. बरणी उघडी होती. तिला जुन्या तेलपाण्याचा वास येत होता, दारं-खिडक्यांना लावतात तसल्या तेलाचा. मी बोटाला लावून पाहिलं, जीभ कडवट झाली. आबा तोंड फिरवत होते, अक्का चमचा लावूनच होत्या.

"अक्का, हे खवट झालंय."

"माले मालूम शे."

"मग?"

"त्याले बोलता येत नही," अक्का चमचा भरत म्हणाल्या, "पन चव समजस."

मी त्यांना आत नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर चिडले. म्हटलं, असलं खवट पोटात गेलं तर विष होतं, अशाने आबा लवकर जातील. अक्का एकदम थांबल्या. "लवकर?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बरणी उकिरड्यावर रिकामी केली, राखेने घासली आणि पहिल्या गाडीने धुळ्याला जाऊन नवं जवस आणलं.

त्यानंतर आबांना कधी शिळं मिळालं नाही. दर आठवड्याला भाजणं, कुटणं, वेळेवर भरवणं. पाठीला जखम होऊ नये म्हणून दिवसातून चारदा कूस बदलणं. दाढी, आंघोळ, धुतलेला सदरा, आणि हवा लागावी म्हणून सकाळीच ओट्यावर खाट. पाच वर्षं. वैद्य म्हणाले, असा रोगी इतका जगलेला मी पाहिला नाही. गावातल्या सासवा नव्या सुनांना त्या ओट्यासमोर उभ्या करायच्या, बघ म्हणायच्या. मीही जळगावात सांगत सुटले, की अक्कांनी सगळं पोटात घातलं. आपल्या बोलण्याने एका माणसाचं मन पालटलं याचा मला अभिमान होता.

आबा सत्त्याण्णवला गेले. वर्षश्राद्धाला मी अक्कांजवळ बसून म्हणाले, "तुम्ही फार मोठं मन केलंत."

अक्कांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "मन? तूच सांगं ना, खवट खाईसन तो लवकर जाई. मी म्हनं, लवकर कसाले? मी अकरा दिन वट्टावर बशेल व्हतू, बठ्ठी गल्ली देखे. त्यालेबी देखू दे म्हनं, लाळ गळतस ती बठ्ठी गल्ली कशी देखस." मग म्हणाल्या, "पाच वरीस पुरनं नही."

त्यांच्या आवाजात रागही नव्हता. रोज सकाळी खाट ओट्यावर जायची ती हवेसाठी नव्हे, सगळ्या गल्लीने बघावं म्हणून. आपण शहाणपणाने दिलेला सल्ला त्यांनी कशासाठी वापरला, हे मला तेव्हा कळलं. आबांचे डोळे आणि डावा हात शाबूत होते, त्यांना सगळं समजत होतं, हेही तेव्हाच आठवलं.

शेवटची भेट गेल्या संक्रांतीची. अक्का खूप वाळल्या होत्या. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "मी गयू की बठ्ठा म्हनतीन, देवता व्हती. तू म्हनू नको."

मी "नाही म्हणणार" म्हटलं.

तेराव्याला मंडपात गाव जमलं होतं. एकेकाने उठून अक्कांच्या सेवेचं कौतुक केलं. मग कुणीतरी म्हणालं, धाकट्या जाऊबाई मास्तरीण आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी उभी राहिले. समोर सुना होत्या, सासवा होत्या, अक्कांचा मुलगा होता. बापासाठी रडला होता तितकाच तो आईसाठी रडत होता.

"अक्का देवता होत्या," मी म्हणाले आणि खाली बसले. बायांनी पदर डोळ्यांना लावले.

नव्हत्या त्या देवता. तसं म्हणू नको, एवढं एकच त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं.