ठमाबाईंच्या नावाचं बांडगूळ

गंगापूर रोडवर तेव्हा बंगल्यांपेक्षा झेंडूचे वाफे जास्त होते. त्यातलेच काही ठमाबाईंचे, आणि त्यांच्याच घरात त्यांचे जावई गोटीराम राहत. घरजावई! लोकांना बोलायला आणखी काय हवं? शेजारच्या रंगूबाई तर जावयाच्या ताटातल्या भाकरी कुंपणापलीकडून मोजायच्या. गोटीराम आता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. पण तिथवरचं शिक्षण सासूबाईंच्या फुलांवर झालेलं. ते त्यांना विसरता येत नव्हतं, आणि रंगूबाई विसरू देत नव्हत्या.

त्यात सासूबाई जुन्या वळणाच्या. जावयाशी थेट बोलायच्या नाहीत. पदर सावरून लेकीला मध्ये घालायच्या. "लता, त्यांना इचार, भाजी वाढू का?" आणि हातभर अंतरावरून गोटीराम म्हणायचे, "लता, सांग, पुरे."

अठ्ठ्याहत्तर साली डहाणूहून वेचून आणलेल्या खेकड्यांत गोटीरामांना एक अनोळखी परजीवी सापडला. खेकड्याच्या पोटाखाली चिकटलेली पिवळसर पिशवी. ना पाय, ना डोळे, ना तोंड. पण तिची पिल्लं तीन जोड पायांनी पोहताना भिंगाखाली पाहिली, की उलगडा व्हायचा: अरे, हा तर कोळंबी-खेकड्यांच्याच गोतातला, कवचधारी! मोठेपणी सगळं टाकून बसलेला. कूळ सांगायला फक्त बालपण उरलेलं. मुंबईच्या जाणकारांनीही मान्य केलं, जात नवी आहे, बारसं तुम्हीच करा.

गोटीरामांना वाटलं, या घराचं आजवर घेतलंच. द्यायला हाती काही आलं ते पहिल्यांदाच. त्यांनी ठमाबाईंच्या नावाला लॅटिन शेपूट लावून ते शोधनिबंधात घातलं. लतानं कौतुकानं ते रंगूबाईंना सांगितलं. झालं!

"अहो ठमाबाई, जावयानं तुमचं नाव बांडगुळाला दिलं म्हने! दुसऱ्याच्या अंगावर जगणाऱ्या!"

त्या दुपारी ताट लतानं वाढलं. आतून आवाज आला, "लता, त्यांना म्हणावं, सोताचंच नाव द्या त्याला. शोभून दिसंल."

"सांग, स्वतःचं नाव द्यायची आम्हा शास्त्रज्ञांत रीत नाही," गोटीराम पुटपुटले. निबंध अजून टपालात पडला नव्हता. नाव खोडायला एक रेघ पुरली असती. ताटावरून उठून त्यांनी पेन उघडलंही. मग ते तसंच मिटून खेकड्याची बरणी उचलली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवली.

"लता, सांग त्यांना, हा खेकडा नर आहे. पण ही पिशवी चिकटली, की त्याचं पोट मादीसारखं रुंद होतं. मग आपलीच अंडी असल्यासारखा तो तिला साफ करतो, ताज्या पाण्याचा वारा घालतो, जिवापाड जपतो. नाव खरं तर त्याच्यासाठी होतं. पण खेकड्याचं बारसं केव्हाच होऊन गेलंय. बिननावाची उरली होती ती ही पिशवीच."

ठमाबाई बरणीकडे बघत राहिल्या. मग मध्ये उभ्या असलेल्या लताला हातानं बाजूला सारून त्यांनी विचारलं, "त्या खेकड्याला कळतं का, हे आपलं नाय म्हणून?"

इतक्या वर्षांतला हा पहिला थेट प्रश्न. गोटीराम गडबडले. "नाही."

"मला कळत होतं," ठमाबाई म्हणाल्या. "तरी जपलं."

मग त्यांनी ताट पुढं सरकवलं.

"ऱ्हाऊ द्या माझंच नाव. आन् जेवा आता, जावईबापू. कुंपणाजवळ रंगूबाई केव्हाची भाकरी मोजायला उभी हाय."