मागच्या खिडकीवरची राख

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. बायको म्हणते, जुनं उगाळू नका, गोळी चालू आहे तुमची. पण खून, दरोडे विसरलो आणि ही साधी घरफोडी काही केल्या विसरत नाही.

तेव्हा मी कोराडीच्या बाजूच्या एका ठाण्यात होतो. एका दुपारी वीज केंद्रातला एक कर्मचारी फिर्याद द्यायला आला. पस्तिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. बायको दोन दिवसांसाठी हिंगण्याला माहेरी गेलेली. हा सकाळी सहाला कामावर गेला, अडीचला परत आला, तर मागच्या खिडकीचे गज वाकवलेले आणि कपाटातल्या पाटल्या, गोफ गायब. कपाट मात्र फोडलेलं नव्हतं, किल्लीने उघडलेलं होतं. किल्ली गव्हाच्या कोठीत असे. "किल्लीची जागा घरच्यांशिवाय फक्त कामवालीला माहीत होती," तो म्हणाला, आणि फिर्यादीवर सही करून मोकळा झाला.

झालं. आमचा तपास तिथेच संपला म्हणा ना. खिडकीतून कोणी तरी आलं, आणि त्याला खबर कामवालीने दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला जीप पाठवली आणि भरल्या कॉलनीतून तिला उचलून आणलं. बायका बाल्कनीत उभ्या राहून बघत होत्या.

चाळिशीची बाई. कॉलनीत पाच घरची धुणीभांडी करायची. महिला शिपायाशेजारी बाकावर बसली आणि पहिला प्रश्न तिनेच विचारला.

"मले काहून आणलं जी?"

"किल्ली कुठे असते, माहीत होतं ना तुला?"

"होतं. दहा वर्षं झाले, त्या घरी काम करून राहिली मी. घ्यायचंच असतं त कवाच घेतलं असतं." मग जरा थांबून म्हणाली, "साहेब, त्या घरच्या भाऊच्या मोबाईलचं पाहा न तुम्ही. दिवसभर पाहून राहते तो. त्यात हिरवं दिसलं का मले पन्नासाची नोट देते, म्हणते चाय पी. लाल दिसलं का भरलं ताट फेकते. मांगच्या आठवड्यात तीनदा ताट फेकलं त्यानं."

आता सांगा, याहून सरळ खबर कोणता खबऱ्या देतो? आणि मी काय म्हणालो? "विषय बदलू नको." माझे शब्द आहेत हे. पाच वाजेपर्यंत तिला बसवून ठेवलं. तिच्याकडून काही निघालं नाही, कारण तिच्याकडे काही नव्हतंच. संध्याकाळपर्यंत पाचही घरांतून तिला निरोप गेला होता, उद्यापासून येऊ नको.

ती गेल्यावर मी चिडून पंचनामा पुन्हा काढला. आमचा हवालदार त्याच भागातला, जन्मभर वीज केंद्राच्या चिमण्यांतून उडणारी राख झाडत आलेला. त्याने सवयीने एक ओळ लिहिली होती: 'मागील खिडकीच्या आतील कट्ट्यावर राखेचा जाड, सलग थर.' मी नागपूर शहरातल्या सक्करदऱ्याचा माणूस, तिकडे ही राख नाही. वाचून सही केली होती, डोक्यात काही शिरलं नव्हतं.

त्याला बोलावलं. "जाड म्हणजे किती?"

"बोट बुडते साहेब. ते खिडकी कोणी उघडतच नाही, राख येते म्हणून. पंधरा-वीस दिवसांची असन."

"आणि त्यावरून चोर आत आला?"

सलग थर, म्हणजे ठसा नाही, ओरखडा नाही. सकाळी सहा ते दुपारी अडीच एवढ्यात तसा थर परत बसत नाही. म्हणजे फिर्यादी पठ्ठ्यानेच बाहेरून गज वाकवले आणि आतली राख त्याला दिसलीच नाही. रोज राखेत राहणाऱ्याला राख दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला पुरवणी जबाबासाठी बोलावलं, बरोबर नऊला. मोबाईल टेबलावर ठेवायला सांगितला. पहिली पंधरा मिनिटं मी उगाच नाव, पत्ता, नोकरी असं विचारत बसलो. घड्याळात सव्वानऊ झाले, शेअर बाजार उघडला, आणि या माणसाचा पाय हलायला लागला. नजर मोबाईलवरून हटेना.

मी सोन्याचं नावही काढलं नाही. म्हटलं, "आज काय आहे, हिरवं की लाल?"

त्याचा चेहरा पडला. मग मात्र भडाभडा बोलला. सुरुवातीला एकदा अर्ध्या तासात महिन्याचा पगार सुटला होता. "त्या दिवशी मी जमिनीवर नव्हतो साहेब. अख्ख्या पाळीले तर्रीपोहे चारले." मग पडलं. मग थोडं वर आलं, मग धाडकन पडलं. पडलं की रात्रभर झोप नाही, वर आलं की बायकोला फिरायला नेणार. शेवटी दागिने गहाण टाकले, ते पैसेही गेले, आणि बायको यायच्या आदल्या दिवशी त्याला चोरी सुचली.

इथपर्यंत मला त्याची कीवच येत होती. पण नंतर तो हात जोडून म्हणाला, "फक्त आजचा दिवस थांबा साहेब. आज वर जाऊन राहिलं आहे. साडेतीनपर्यंत सगळं सोडवून आणतो."

"आणि त्या बाईचं काय?"

"तिच्याशी माझं काही वैर नाही जी. कोणाचं तरी नाव द्या लागते न."

माझा हात उठला होता, खोटं कशाला सांगू. हवालदाराने मधे येऊन धरला. ज्या बाईने दहा वर्षं याची उष्टी काढली, तिची अब्रू याने बाजारात लावली होती, आणि ती याच्या हिशेबातही नव्हती.

फिर्याद खोटी ठरली, त्याच्यावर वेगळी कारवाई झाली. कागद पूर्ण झाले. तिसऱ्या दिवशी ती बाई ठाण्यात आली.

मी म्हटलं, "बाई, मागच्या खिडकीवरच्या राखेमुळे तुमचं नाव साफ झालं. सगळं लिहिलंय कागदावर."

"तुमचा कागद कोण वाचते साहेब? जीपमधी बसवून नेलं तवा सारी कॉलनी पाहून राहिली होती. आता तुम्हीच परत न्या. त्याच जीपमधी, त्याच टायमाले."

नेलं. सकाळी दहाला, गणवेशात, तिला पुढे बसवून. चार दारांवर मी स्वतः सांगितलं की या बाईंनी काही केलं नाही, चूक आमची. दोघींनी मान डोलावली. एकीने आत बोलावलं. चौथी म्हणाली, "आम्ही दुसरी ठेवली आता." त्या दिवशी पोलिसांच्या एका जीपवर विश्वास ठेवणारी हीच बाई.

पाचवं दार फिर्यादीचं. त्याच्या बायकोने उघडलं. हातात पाटल्या नव्हत्या, डोळे सुजलेले. तिने कामवालीचा हात धरला, "आत ये वं," म्हणाली. कामवाली उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मागची खिडकी पुसून घ्या ताई," ती म्हणाली. "मी नाही येत आता."

त्यानंतर नोकरीत होतो तोवर चोरीच्या प्रत्येक प्रकरणात घरच्या कामवालीला मी आधी खुर्ची दिली, मग तिचा जबाब घेतला, साक्षीदार म्हणून. मालकाला आज लाल दिसतंय की हिरवं, हे तिच्याइतकं कोणालाच कळत नाही. तो माणूस जुगारी होता, त्याला राख दिसली नाही. मला तर लिहून दिली होती, आणि खाली सही माझीच होती.