संकासुराचा मृदंग

"भाषण राहू दे. आधी पाय दाखव." समोर कोणीही असो, तात्यांचा हा हुकूम ठरलेला. पालीच्या बाजारात मत मागायला आलेल्या उमेदवारालाही त्यांनी हेच ऐकवलं, आणि तो खरंच वाकून आपल्या बुटांकडे बघत राहिला. जन्मभर गावच्या नमनात, शिमग्यातल्या सोंगांच्या नाचाला, मृदंग वाजवलेला माणूस. नाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची सवयच नव्हती, नजर कायम पावलांवर.

आमच्या वाजवणाऱ्यांच्या गटाला पत्रकं काढायची खोड. माझं एक पत्रक त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि घडी करून परत दिलं. "बाय, सगळ्याच ओळी ओरडतात गो. वाचणाऱ्यानं दम कुठं घ्यायचा?"

आमच्या किनाऱ्यावर चित्रित झालेला तो जुना काळा-पांढरा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी फोनवर तुकड्या-तुकड्यांनी पाहिला असेल. तेव्हा आपटला, आता त्याचे वेडे गावोगाव आहेत. आम्ही ठरवलं, त्याचा आवाज बंद करायचा आणि पडद्यासमोर बसून नवं संगीत वाजवायचं. का, ते स्पष्टच लिहिते. त्यात आमच्या नमनातला संकासूर नाचतो, काळा अंगरखा, उंच टोपी, तोंडावर दाढीचा मुखवटा. आणि त्याच्या नाचाला वाजतो मुंबईच्या स्टुडिओतला ढोलक. नाच आमचा उचलायचा, वाद्य टाकून द्यायचं, नाव तर छापायचंच नाही. याला मी चोरी म्हणते.

तात्यांना बोलवायला गेले तेव्हा हे सगळं तावातावाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ठाव हाय," म्हणाले. "तो नाचनारा माजा धाकटा भाव."

चित्रीकरणाला ते मृदंग घेऊन गेले होते. वाजंत्री नको म्हणून त्यांना आवाराबाहेर थांबवलं. पुढे भाऊ मुंबईला कारखान्यात लागला आणि तिथेच अपघातात गेला. घरात त्याचा एक फोटो नाही. "सगले नाच त्यानं माज्या मृदंगावर केलेन," तात्या म्हणाले. "तेवडा सिनेमातला एक रायला."

तालमीला लॅपटॉपसमोर बसले. "पाय दाखव."

पाय नव्हतेच. कॅमेऱ्याने माणूस कमरेवरूनच घेतलेला. तात्यांनी मान खाली घालून लॅपटॉपच्या कडेखाली पाहिलं. आम्ही सगळे हसलो. ते तसेच वाकलेले राहिले, तेव्हा हसू आपोआप थांबलं.

"बरा. खांदे बघून वाजवतो," ते म्हणाले.

रत्नागिरीचा प्रयोग संध्याकाळचा. सभागृह भरलेलं. संकासूर आला आणि तात्यांची थाप पडली. मुखवट्यातला तो काळा आकार एकदम जड झाला, जमिनीला लागला. दिसत नसलेली पावलं मला ऐकू येत होती.

पण सिनेमात तो नाच मध्येच तोडलाय. संकासुराने पडद्याच्या डाव्या कडेकडे गिरकी घेतली आणि चित्र थेट नायिकेच्या घरात गेलं. तिथे आमची बासरी सुरू व्हायची होती. तात्या थांबले नाहीत. नायिका रडत होती, बासरीवाला माझ्याकडे बघत होता, मी हाताने खुणा करत होते. तात्यांचे डोळे मिटलेले. नमनात उभा केलेला नाच अर्धा टाकत नाहीत. नाचणारा आत जाईपर्यंत मृदंग चालतो. ते वाजवत राहिले, लय चढवत नेली, उतरवली, आणि शेवटची थाप देऊन दोन्ही तळवे मृदंगाच्या पुड्यांवर ठेवले.

"गेला आत," असं काहीसं पुटपुटले.

उरलेल्या सिनेमात त्यांनी वाजवलंच नाही. मी नंतर कुरकुरले, "तात्या, शेवटच्या वादळाला तुमचा मृदंग हवा होता."

"वादळाला काय कमी? तू हायस ना."

चिपळूणच्या प्रयोगाचं सांगायला गावी गेले, तर ओटीवर त्यांची बायको एकटीच बसलेली. "तुमाला कळवणार कोन बाय?" ती म्हणाली. "पंधरवडा झाला." मला पाणी दिलं, आणि प्रयोग कुठे आहे, कधी आहे, सगळं विचारून घेतलं.

चिपळुणात दुसऱ्या कुणाला बसवायचा विषय निघाला. मी नाही म्हटलं. संकासुराच्या नाचाला आम्ही हात आवरून बसलो. पडद्यावर खांदे उसळत होते, दाढी हलत होती, आणि सभागृहात फक्त पंख्यांची घरघर.

पहिल्या रांगेत त्यांची बायको बसली होती. चित्र नायिकेच्या घरात गेलं तरी ती पडद्याची डावी कड बघत राहिली.