ती कादंबरी फोनमधून पुसा

माझा लेखक दोस्त मधू गेल्याची बातमी मला फोनवर ज्या ग्रुपात कळली, त्याच ग्रुपात बातमीच्या खाली कोणीतरी त्याची अर्धी कादंबरी पुन्हा टाकली होती. ‘भावपूर्ण श्रद्धांजली. ज्यांची राहिली त्यांनी वाचून घ्या.’ लाज नाही वाटली? ज्याची पुस्तकं नागपुरात हातोहात जायची, त्याला याच पानांनी खाल्लं...

मी चौथी शिकलेला, आयुष्य मिरचीच्या धंद्यात गेलं. पण मधूचं प्रत्येक पुस्तक छापायच्या आधी मी त्याच्या तोंडून ऐकलं आहे, कोणी नाही म्हणून दाखवावं. त्याची एक रीत होती. कच्च्या लिखाणात तो पात्रांना घरच्या, जवळच्या माणसांचीच नावं द्यायचा, त्याशिवाय पात्र बोलतच नाही म्हणायचा. पुस्तक पुरं झालं की नावं बदलायची. एका कादंबरीतला दरोडेखोर आधी मीच होतो, कोणाला पत्ता नाही. या वेळी नवऱ्याला सोडून पळालेल्या बाईला त्यानं खापा गावी राहणाऱ्या आपल्या बहिणीचं, कुसुमचं नाव दिलं होतं. टायपिंगला दिलेली पानं फुटली आणि फोनाफोनांतून फिरली. कोणी फोडली, शेवटपर्यंत कळलं नाही. खाप्यात लोक कुसुमला विचारायचे, “काहून वं, कोणासंगं पळाली होती?” इकडे वाचक मधूला फोन करायचे, “सर, लय भारी, पुढचं कधी?” तो ओरडायचा, “माह्या बहिणीचं नाव आहे गा ते! चुलीवरचं कच्चं उचलून खाल्लं, अन् वरून आणखी वाढा म्हणता?”

आम्ही दोघं खाप्याला गेलो. कुसुमनं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, “पुस्तकातच ठेव आता मले.” परतीच्या बसमध्ये मधू म्हणाला, “शंकर, आता मी नाही लिहत.” आणि नाहीच लिहिलं.

तेरवीला कुसुम आली. “दादा, मी त्यातलं काहीच वाचलं नाही, लोकायनं सांगितलं तेवढंच. तुम्ही वाचून दाखवा.”

“अर्धं आहे वं. त्याले नसतं आवडलं.”

“मले तरी कुठं आवडलं? वाचा.”

मधूच्या कपाटातली पानं काढून वाचलं. ती बाई सासऱ्याला फाडफाड बोलते तिथं मी अडखळलो, तर कुसुम एकदम हसली. “थांबू नका. अशीच बोलते मी. मेल्यानं बरोबर धरलं...” मग तिला हसू आवरेना, आणि रडूही. जाताना म्हणाली, “पेपरात लिहा दादा. माहं नाव घालून लिहा, पळाली नाही म्हणून.”

लिहिलं. जिला ऐकायचा हक्क होता तिनं ऐकलं. बाकीच्यांनी आपापल्या फोनमधून ती कादंबरी पुसून टाकावी.