आई पेणला उतरली नाही

माझा भाऊ माझ्यापेक्षा धाकटा. पेणला त्याचं रंगाचं दुकान आहे. गणपतीच्या कारखान्यांना रंग, ब्रश, सोनेरी पावडर असलं सगळं तो पुरवतो, आणि दुकान चांगलं चालतं. त्याला पहिला मुलगा झाला तेव्हा तो गावी आला आणि आईला पेणला घेऊन गेला. आता एकटीने कशाला राहतेस, म्हणाला. आमचं गाव वडखळवरून आत, खाडीकडे. वडील लवकर गेले. आईने मिठागरात मीठ ओढून आम्हाला वाढवलं, मिठागर बंद पडल्यावर तुकडाभर शेतात भात लावला. त्या घराला कुलूप घालून ती मुलाकडे राहायला गेली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. रोह्याला माझ्या शेजारणींना मी कौतुकाने सांगायची, भावाने आईला नेलं म्हणून.

नाताळच्या सुट्टीत भावाचा फोन आला. पेणच्या पुढे, मुंबईच्या बाजूला एक मोठं पार्क झालंय, राइड आहेत, पाण्यातली बोट आहे, सगळे मिळून एक दिवस जाऊ, आईलाही नेऊ. गाडी माझ्या नवऱ्याने रोह्यातून ठरवायची, कारण ती आम्हाला घेऊन निघणार आणि पेणला त्यांना उचलणार.

त्या दिवसापासून आईचे मला रोज फोन. तिथे काय काय असतं, बोट खरीच पाण्यातून जाते का, पाळणा किती मोठा आहे. पाळण्याचं तिने तीनदा तरी विचारलं. मला नवल वाटलं नाही. लहानपणी गावच्या जत्रेत लाकडी पाळणा यायचा, दोन माणसं हाताने फिरवायची. आई मला मांडीवर घेऊन त्यात बसायची आणि वरून खाली येताना इतकी हसायची की तिच्या पोटाची थरथर मला पाठीला कळायची. बाकीच्या बायका डोळे मिटून घ्यायच्या. ही फिरवणाऱ्यांना अजून जोरात फिरवायला सांगायची. माझी आई घाबरट कधीच नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

जायच्या दिवशी माझा नवरा धाटावच्या कंपनीतून रात्रपाळी करून आला, अंघोळ केली आणि तसाच गाडीत बसून झोपला. आमची मुलगी तेव्हा सात वर्षांची. पेणला भाऊ, भावजय, त्यांचा चार वर्षांचा मुलगा आणि आठ महिन्यांची मुलगी, आणि आई. आईने हिरवी साडी नेसली होती, ठेवणीतली. हातात मोठा डबा. पहाटे उठून तिने तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या आणि सुकटीची चटणी. डबा बघून भावाच्या कपाळाला आठी पडली ती मी पाहिली.

पार्कच्या गेटवर पिशव्या तपासत होते. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, असा नियम. गेटवरच्या माणसाने डबा उघडला आणि सुकटीचा वास सुटला. मागच्या रांगेतल्या कुणीतरी नाकाला रुमाल लावला. भाऊ आईला दबक्या आवाजात म्हणाला, तुला घरीच सांगितलं होतं, ऐकत नाहीस. आईने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने त्या गेटवरच्या माणसालाच विचारलं, बाबा, तू जेवलास का, तू घे. तो बिचारा ओशाळला, आम्हाला चालत नाही म्हणाला. तेव्हा माझा नवरा पुढे झाला. दोन भाकऱ्या उचलल्या, वर चटणी घेतली आणि सगळ्या रांगेसमोर उभ्याउभ्या खाल्ल्या. उरलेल्या तिथल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये गेल्या. मला तिथेच राग आला होता, पण मुलं आत पळायला लागली होती. म्हटलं, जाऊ दे, सणासारखा दिवस आहे.

तिकिटं भावाने आधीच काढली होती. प्रत्येकाच्या मनगटावर कागदाचा पट्टा चिकटवला. मुलांनी हात वर करून एकमेकांना दाखवले. आम्ही आत गेलो.

आत गेल्यावर पंधरा मिनिटांत भावाने कारंज्याजवळचं एक बाकडं शोधलं. आईला बसवलं, मांडीवर बाळ दिलं, बाजूला सगळ्यांच्या पिशव्या, बाटल्या, मुलांचे स्वेटर. इथेच थांब, हलू नकोस, म्हणजे आम्हाला सापडशील, असं म्हणून तो गेला. मीही माझ्या मुलीला घेऊन गेले. मला वाटलं, थोडा वेळ आई बसेल, मग आळीपाळीने कुणीतरी थांबेल. घरातून माणसं बाहेर पडली की असंच करतात ना.

दोन राइड करून मी परत आले. आई तिथेच. बाळ झोपलं होतं. मी विचारलं, दादा आला होता का? धाकट्यालाही आम्ही घरात दादाच म्हणतो. ती म्हणाली, दुधाची बाटली देऊन गेला. मी तिला चहा आणून दिला आणि म्हटलं, आता ते येतील, मग तू चल. पुन्हा मुलीने हात ओढला म्हणून एका राइडच्या रांगेत उभी राहिले. ती रांग मोठी होती. तिथून भाऊ आणि भावजय दिसत होते, एका उंच राइडवरून खाली येताना. भावजय तोंड उघडून हसत होती. बाळंतपणानंतर मी तिला पहिल्यांदाच अशी बघत होते, आणि मला तिच्यासाठी बरं वाटलं. तिच्यावर माझा राग नव्हता. आजही फारसा नाही.

परत आले तर बाकड्यावर ऊन आलं होतं. आईने बाळाला पदराखाली घेतलं होतं, एकेक करून सगळ्या पिशव्या बाकड्याच्या सावलीतल्या टोकाला सरकवल्या होत्या आणि स्वतः उन्हात बसली होती. जेवायची वेळ कधीच टळून गेली होती. भाऊ, भावजय आणि त्यांचा मुलगा वरच्या हॉटेलात जेवून आले होते, हे मला त्या पोराने सांगितलं. तो आजीला सांगायला धावत आला होता, की त्याने नूडल्स खाल्ल्या. मागून भाऊ आला, आईसाठी कागदात गुंडाळलेलं सँडविच घेऊन. आई सँडविच खात नाही. चीजचा वास तिला सोसत नाही. चार वर्षं एका घरात राहून त्याला हे माहीत नव्हतं.

मी नवऱ्याला हाक मारली. तो एका झाडाखाली पेंगत होता. त्याला बाकड्यावर बसवून त्याच्या मांडीवर बाळ दिलं, पिशव्या त्याच्या पायाशी ठेवल्या आणि आईला म्हटलं, चल, पाळण्यात बसू. ती उठली. उठताना गुडघ्यावर हात ठेवला, पण एकदा उभी राहिल्यावर माझ्या मुलीच्याही पुढे चालायला लागली. रांगेत उभी असताना तिने साडीचा घोळ वर खोचला, पदर कमरेला घट्ट गुंडाळला. पाळणा फार उंच होता, वरच्या डब्यातली माणसं लहान दिसत होती. मी विचारलं, भीती नाही ना वाटत? आई म्हणाली, वाटली तर वाटली.

आमचा नंबर आला. तिथे गणवेशातली एक मुलगी पट्टे बघून आत सोडत होती. माझा बघितला, माझ्या मुलीचा बघितला. आईचा बघितला आणि हात आडवा केला.

“आजींचा पट्टा फक्त आत यायचा आहे. ह्याच्यावर राइड नाहीत.”

मला आधी कळलंच नाही. मग मी माझ्या मनगटाकडे बघितलं, मग आईच्या मनगटाकडे. आमचे निळे होते. आईचा पांढरा. सकाळपासून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. भावाचं सोडून. तिकिटं त्यानेच काढली होती. चार वर्षांच्या पोराचाही निळा होता.

ती मुलगी नीट बोलली, तिचा काही दोष नव्हता. मेन गेटवर जाऊन बदलून मिळेल, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, आई, तू इथेच थांब, मी बदलून आणते. पण आई रांगेतून बाहेर पडली होती. मागची माणसं तिला वाट करून देत होती आणि ती खोचलेला घोळ सोडत चालली होती.

“नको गो,” ती म्हणाली. “आता मना बसायचंच नाय.”

मी खूप समजावलं. माझी मुलगीही तिचा हात धरून ओढत होती. आई बाकड्यापाशी गेली, माझ्या नवऱ्याच्या मांडीवरून बाळ घेतलं आणि बसली.

मी भावाला शोधलं. एका दुकानापाशी तो मुलाला टोपी घेत होता. मी तिथेच, सगळ्यांसमोर त्याला विचारलं, आईचा पट्टा पांढरा का? त्याने आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाला, अगं, तिला चक्कर येते, ती कुठे बसणार होती. मी विचारलं, तिला चक्कर येते असं तुला कुणी सांगितलं? तू तिला विचारलंस? तो म्हणाला, ताई, लोक बघतायत. मी म्हटलं, बघू देत. माझा आवाज इतका चढला होता की दुकानातला माणूस बाहेर आला. आणि तेव्हा भाऊ चिडून जे बोलला ते माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

“मग बाळाला कोण बघणार होतं?”

त्याला वाटलं, हे उत्तर झालं. त्याच्या चेहऱ्यावर लाजही नव्हती. घरात हिशेब साधा होता. एक माणूस बाळ सांभाळायला लागतं, ते माणूस आई. घरी असली तरी, पार्कात असली तरी. आईला नेऊ म्हणाला होता त्याचा अर्थ तेवढाच होता. मी म्हटलं, मग बाई ठेवायची होतीस, आई कशाला आणलीस? भावजय बाजूला उभी होती, ती रडायला लागली. भाऊ मुलाला उचलून निघून गेला.

येताना गाडीत बसल्या बसल्या मुलं झोपली. पेणला भावाच्या बिल्डिंगखाली गाडी थांबली तेव्हा दिवे लागले होते. भाऊ उतरला, भावजय उतरली. आईने खिडकीतून बाळ तिच्या हातात दिलं, बाळाची पिशवी दिली, बाटली दिली, स्वेटर दिला. आणि दार ओढून घेतलं.

भाऊ म्हणाला, आई, उतर. आई म्हणाली, मी उतरत नाय, मी गावाला जाते. त्याला वाटलं ती रागात बोलतेय, सकाळी बघू म्हणून त्याने दार उघडायला हात घातला. आईने आतून दांडा धरून ठेवला. मिठाची ओझी ओढलेला हात आहे तो. घर बंद आहे, धूळ आहे, तिथे काय खाणार, असं तो एकेक सांगत होता. आई म्हणाली, चावी माझ्यापाशी हाय. तेव्हा त्याचा धीर सुटला आणि तो पुन्हा तेच बोलला, उद्या दुकान उघडायचंय, बाळाला कोण बघेल.

आईने त्याच्याकडे पाहिलं. आवाज जरासुद्धा चढवला नाही.

“तुझं पोर हाय ना? मग तू बघ.”

माझ्या नवऱ्याने ड्रायव्हरला चला म्हटलं. वडखळला वळून आम्ही तिला थेट घराच्या दारात नेलं. शेजारी माझी चुलती राहते. ती बॅटरी घेऊन आली, काही न विचारता झाडू आणला, मग भात आणि बोंबलाचं कालवण आणून दिलं. आई तिथेच ओट्यावर बसून जेवली. सकाळपासूनचं तिचं पहिलं जेवण.

मी म्हटलं, आई, इथे एकटी राहू नकोस, रोह्याला माझ्याकडे चल. ती घास चावत म्हणाली, तुझ्याकडं पन पोर हाय, जावयाची शिफ्ट हाय. मना ठावं हाय सगळं. मला फार राग आला. भावाच्या पंगतीत तिने मलाही बसवलं होतं. मी काय केलं होतं? पण तिच्याशी भांडायची ती वेळ नव्हती. नवरा आणि मुलगी गाडीने रोह्याला गेले, मी तिच्याजवळ राहिले.

आई पुन्हा पेणला राहायला गेली नाही. भावाने महिनाभर मला फोन करून ऐकवलं, तू आईला भडकवलंस, तू माझं घर मोडलंस. मावशांनीही मलाच बोल लावले. शेवटी बाळाला भावजयीची आई सांभाळायला लागली. आता मधूनमधून आई नातवंडांना बघायला जाते, दुपारचं जेवते आणि संध्याकाळच्या एसटीने परत येते. शेतात वाल लावते. तब्येत आधीपेक्षा बरी आहे.

पुढच्या उन्हाळ्यात चुलत भावाच्या हळदीला आम्ही सगळे गावी जमलो. पंगतीत भाऊ नातेवाइकांना मोबाइलमधले फोटो दाखवत होता. पार्कात गेल्या गेल्या काढलेले, कारंज्यापुढे, सगळ्यांच्या मधोमध हिरव्या साडीतली आई आणि तिच्या कडेवर बाळ. बायका म्हणत होत्या, आईला कसं फिरवतो बघा, असा मुलगा मिळायला भाग्य लागतं. तो मान खाली घालून हसत होता.

मी पानावरून उठले. आईने माझ्या हाताला धरलं.

“बस गो. जेव.”

मी बसले, कारण हळद होती आणि नवरी-नवऱ्याचा काही दोष नव्हता. पण जेवण गेलं नाही. आई मात्र सावकाश, पोटभर जेवली, आणि वाढणाऱ्याला तिने पुन्हा भात मागितला.