हुसेनमियाँचा कान

सौदीतल्या तबूकच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वसाहतीत, शकमानची कामं करणारे पंधरा-वीस जण तरी असतील. पण गाडीचा आवाज बिघडला की अरब सरळ यायचा तो हुसेनमियाँ नाखव्यांकडेच. शकमान म्हणजे इंजिनातला धूर मागच्या शेपटापर्यंत नेऊन सोडणारा सगळा नळ्यांचा संसार. हर्णै बंदरात लाँचची इंजिनं खोलता-जोडता मोठे झालेले हुसेनमियाँ एकोणऐंशी साली इकडे आले, आणि पुढे पुढे 'कानवाला हुसेन' म्हणून त्यांचं नाव झालं. गाडी नुसती चालू करायची, हे डोळे मिटून उभे, आणि मग बोट नेमकं गळक्या जागेवर.

आता खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं यातले डोळे आणि बोट तेवढे हुसेनमियाँचे होते. कान नूरुन्निसाचा होता.

उघड्या पाइपांशेजारी इतकी वर्षं डोकं घालून आणि वरून लढाऊ विमानं उडताना ऐकून हुसेनमियाँच्या कानातले बारीक आवाज एकेक करून गळून पडले होते. आधी घड्याळ गेलं, मग दाराची बेल, मग कुकरची शिट्टी. बायकोच्या तक्रारीही गेल्या, पण त्याबद्दल ते कुणाकडे रडले नाहीत. मोठे, घुमणारे आवाज अजून येत. मात्र धंद्याला लागतो तो बारीकच. जोड फटीतून धूर सोडत असेल तर इंजिन थंड असताना मिनिटभर टिकटिक होते; लोखंड तापून फुगलं की फट जवळजवळ मिटते आणि टिकटिक बंद, धूर मात्र थोडा गळतच राहतो. तेवढ्या मिनिटात ऐकली तर ऐकली.

म्हणून हुसेनमियाँनी युक्ती काढली. दुरुस्त झालेली गाडी रात्रभर आपल्या बिल्डिंगीखाली लावायची, सकाळी चालू करायची, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघायचं. जोड घट्ट असेल तर नूरुन्निसा खिडकीत टॉवेल वाळत घाले. टॉवेल नाही म्हणजे गाडी परत सनाइयात.

बिल्डिंगीने याचा अर्थ आपल्या परीने लावला होता.

"काय हुसेनमियाँ, आज पण भाभींना सलामी?" तळमजल्यावरचे हरिहर, पुण्याचे इंजिनियर, दात घासता घासता विचारत. "लग्नाला पंचवीस वर्षं झाली की ओ!"

"तय्यब, तय्यब," हुसेनमियाँ अरबीत म्हणत, म्हणजे ठीक, ठीक. न ऐकलेल्या प्रत्येक वाक्याला त्यांच्याकडे हेच एक उत्तर होतं, आणि नवल म्हणजे ते दहात नऊ वेळा चालून जाई.

नूरुन्निसा वरून नवऱ्यावर डाफरे, "त्यांना सांगा तरी काय ते! मी आपली बावीस गाड्यांची बेगम झालंय फुकटची." पण सांगणार कसं? कानवाल्या हुसेनचा कान गेला हे कफिलाला, म्हणजे अरब मालकाला, कळलं की इथे राहायचा इकामा गेला, आणि पासपोर्टवर कायमचं परत जायचा, एक्झिटचा शिक्का. हर्णैला जाऊन पन्नाशीच्या बहिऱ्याने करायचं काय? भावाने लाँचसुद्धा विकून टाकली होती.

नव्वदच्या डिसेंबरात कफील अबू उसामा आपली लाडकी गाडी घेऊन आला. एकोणसत्तर सालची पाँटियाक, आठ सिलिंडरची, लांबच्या लांब, रंगाने डाळिंबाच्या दाण्यासारखी. तिचा मॅनिफोल्ड तडकला होता. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनाच्या बाजूला बसवलेला ओतीव लोखंडाचा पंजा. चार तोंडांतला धूर गोळा करून एका पाइपात देतो. असे दोन, दोन्ही बाजूंना एकेक. अबू उसामाला आता ओतीव पंजा नको होता. त्याला हवे होते हेडर, वळवलेल्या नळ्यांचे, सिनेमातल्यासारखे गुरगुरणारे. दुकानात त्यांचे दोन संच पडून होते. एक बारीक नळ्यांचा, एक जाड.

हुसेनमियाँनी तारेत ओवलेल्या पितळी बांगड्या काढल्या. त्यांचं मोजमाप बांगड्यांवर चाले, कारण बांगडीचं दोन-चारचं माप म्हणजे सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच, आणि पाइपांची मापंही तीच. शिवाय बांगडी हातातून निसटून इंजिनात पडली तर वाजते. निदान पूर्वी वाजायची.

"या इंजिनाला बारीक हेडर आणि सव्वादोनचे दोन पाइप," त्यांनी आपल्या मोडक्या अरबीत सांगितलं. "नूरुन्निसाच्या बांगडीएवढे" असंही ते म्हणणार होते, पण परक्या पुरुषापुढे बायकोचं मनगट कशाला काढा.

"मोठं घाल," अबू उसामा म्हणाला. "सगळ्यात मोठं."

"मोठ्या पाइपात धूर रेंगाळतो. गाडी उठतानाच मरेल. आवाज मोठा, जोर कमी."

"हुसेन, गाडी तुझी की माझी?"

हा सौदीतला जगप्रसिद्ध प्रश्न. तरीही हुसेनमियाँनी तेवढ्यापुरती बाजी मारली आणि बारीक संच चढवला. सकाळी बिल्डिंगीखाली गाडी चालू झाली, गोड गुरगुरली, आणि वर टॉवेल लागला. इतका स्वच्छ जोड वर्षात बसला नव्हता. अबू उसामाने एक फेरी मारली आणि तोंड वाकडं करून परत आला. "शिलाई मशीन!" म्हणाला. "माझ्या आजीकडे आहे एक. काढ हे. जाड घाल."

काढलं. जाड हेडरची पहिली गास्केट, म्हणजे जोडात दाबायची पट्टी, बसवताना फाटली. दुसरी जेद्दाहून मागवली, तर ट्रक सगळे लष्कराच्या सामानाला लागलेले. यात जानेवारी उजाडला. कुवेत सोडायला इराकला दिलेली पंधरा तारीख जवळ आली. दुकानांतून चिकटपट्टी संपली, कारण जो तो विषारी वायूच्या भीतीने खिडक्या बंद करत होता. हिंदुस्थानी बायकामुलं परत निघाली. हरिहरांनी आपल्या बायकोची, मधुमतीची, बस आणि विमानाची तिकिटं काढली, तेव्हा नूरुन्निसाचीही काढली.

"मी नाय जायची," ती म्हणाली. "यांच्या गाड्या कोण ऐकणार?"

"तू जा," हुसेनमियाँ म्हणाले. खरं तर त्यांना तिचं वाक्य ऐकूच आलं नव्हतं. पण ते काय असणार हे त्यांना पाठ होतं.

तेरा तारखेला बस सुटली. गास्केट आली चौदाला.

जाड हेडर बसवले, आणि आता ऐकायला खिडकीत कुणी नव्हतं. कान नसलेला माणूस काय करतो? ओल्या तळव्याने जोड चाचपतो. शेपटाला बोळा लावला की गळका धूर हाताला फुंकर घालतो. त्यांनी उजव्या बाजूची चारही तोंडं चाचपली, चांगली होती. डावीकडची तीन चांगली. चौथं, अगदी मागचं, ड्रायव्हरच्या पायांसमोरचं. तिथे स्टिअरिंगचा डबा आणि ह्या जाडजूड नळ्या यांच्यात हातच जाईना. बारीक संच असता तर गेला असता. साबणाचं पाणी ओतलं, ते तिथवर पोचलं की नाही तेही दिसेना. आरसा घातला, तर आरशात नुसती नळी.

सोळाला अबू उसामा म्हणाला, "उद्या-परवा कधीही. लढाई लागली की आईला, बायकोला आणि तिन्ही मुलांना घेऊन मक्केला. दुसरी गाडी भावाने नेली. हीच जाणार." आणि त्याने आपली करामत दाखवली. काचांच्या कडांना रबर, दारांच्या फटींना पट्ट्या, हवेच्या जाळ्यांवर प्लास्टिक. "इराकचा वायू आत शिरून दाखवू दे!"

हुसेनमियाँ त्या गाडीकडे बघत राहिले. बाहेरचा वायू आत येणार नव्हता, खरंच. पण मागचं तोंड गळत असलं तर धुरातला विषारी वायू ड्रायव्हरच्या पायांकडून आत शिरणार होता, आणि आतला बाहेरही जाणार नव्हता. बारा तासांचा रस्ता. आणि त्यांना एवढंच हवं होतं, कुणीतरी एक मिनिट ऐकावं.

संध्याकाळी त्यांनी हरिहरांच्या दारात उभं राहून दोन वर्षांचं सगळं सांगून टाकलं. हरिहरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. सलामीच्या सगळ्या विनोदांची त्यांना एकदमच आठवण झाली असावी.

"अहो, मग मी ऐकतो की!"

त्यांनी प्रामाणिकपणे ऐकलं. बॉनेटमध्ये वाकून, चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून. "हुसेनमियाँ," शेवटी ते कागदावर लिहून देऊ लागले, "मला सगळंच टिकटिकतंय. इंजिनच टिकटिकतंय. यातली तुमची कुठली?"

बरोबरच होतं. जुन्या इंजिनाचे झडपदांडेही टिकटिकतात. ती कुठली आणि ही कुठली, हे सांगणारा कान हर्णैला पोचला होता.

"फोन," हुसेनमियाँ म्हणाले.

हर्णैला फोन होता शेजारच्या हारूनच्या दुकानात. पहाटे लढाई सुरू झाली आणि तबूकच्या तळावरून विमानांवर विमानं उडू लागली, तेव्हा हरिहर फोनपाशी बसून नंबर फिरवत होते. गाडी त्यांच्या खिडकीखाली, रात्रभर थंड झालेली. हुसेनमियाँ चावीला हात लावून. लाइन लागल्याशिवाय चालू करायची नाही, कारण थंड इंजिनाचं मिनिट एकच.

सव्वासातला लागली. नूरुन्निसाला बोलावून आणेपर्यंत हरिहर "होल्ड, होल्ड" ओरडत राहिले, जणू तिकडे कुणी पळून चाललं होतं.

"भाभी! गाडी ऐका. डावीकडचं मागचं तोंड. टिकटिक येते का सांगा."

"लावा," ती म्हणाली. "आणि त्यांनी जेवण केलं का विचारा."

हरिहरांनी रिसीव्हर खिडकीतून तारेच्या टोकापर्यंत बाहेर धरला आणि हाताने खूण केली. हुसेनमियाँनी चावी फिरवली. पाँटियाक खवळून उठली, आणि त्याच क्षणी बिल्डिंगीवरून चार लढाऊ विमानं एकामागून एक गेली. भांडी हलली. काचा हलल्या. हुसेनमियाँनी वर बघितलं, कारण एवढा आवाज तर त्यांनाही आला.

विमानं गेली तेव्हा मिनिट संपलं होतं. इंजिन तापलं होतं आणि मऊ गुरगुरत होतं.

हरिहरांनी रिसीव्हर कानाला लावला आणि मग खिडकीतून सावकाश, ओठ दिसतील असं सांगितलं, "त्या म्हणतात... इमानच आलं कानात. आधी काहीतरी होतं एकदा-दोनदा. पण ते तुमचं की लाइनचं, अल्लाला ठाऊक. म्हणतात, परत लावा."

परत लावून उपयोग नव्हता. आठ वाजता अबू उसामा आला. मागे आई, बायको, तीन मुलं, खजुरांचे डबे, जाजमं. चार तास थांबा, इंजिन थंड होऊ द्या, हे कुणाला सांगणार?

हुसेनमियाँनी तरी सांगितलं. कफिलाला पहिल्यांदाच. "अबू उसामा, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मागचा जोड मी तपासू शकलो नाही. काचा उघड्या ठेवून जा."

वरून पुन्हा विमानं जात होती. अबू उसामाने कानाशी हात नेऊन विचारलं, "काय?"

त्यांनी परत सांगितलं.

"ऐकू कुणालाच येत नाही आज!" तो खांद्यावर थाप मारून म्हणाला. "वायूच्या दिवशी काचा उघड्या? डोकं फिरलंय तुझं. यल्ला, चला!"

तो मुलांना गाडीत बसवायला वळला. हुसेनमियाँ मागचं दार उघडून आत वाकले, जणू पट्ट्या तपासतायत. दोन्ही मागच्या काचा दोन-दोन बोटं खाली केल्या, काच फिरवायचे दांडे उपटले आणि खिशात टाकले. स्क्रू दोन होते. पाव मिनिटात काम झालं. शेवटी माणूस मिस्त्री होता.

अबू उसामाला ते कळलं पुढच्या चौकात. गाडी थांबली. तो खाली उतरून ओरडत होता, हात नाचवत होता. एवढ्या लांबून हुसेनमियाँना त्याचं तोंडच फक्त उघडझाप होताना दिसलं. मग त्याने डोक्यावरचा रुमाल काढून एका काचेच्या फटीत कोंबला. दुसरीसाठी त्याच्याकडे रुमाल नव्हता. गाडी गेली.

"कुठली बाजू कोंबली?" हुसेनमियाँनी विचारलं.

"मला दिसलं नाही हो," हरिहर म्हणाले.

त्या दिवशी दुकान उघडलं नाही. हुसेनमियाँ हरिहरांच्या घरात फोनसमोर खुर्ची टाकून बसले, कारण कफिलाकडे नंबर इथलाच होता. फोन वाजला तर आपल्याला कळणार नाही म्हणून त्यांनी हात त्यावरच ठेवला होता, म्हणजे थरथर लागेल. हरिहरांनी पोहे केले, ते तसेच राहिले. दुपारी एकदा फोन वाजला, तो हरिहरांच्या कंपनीचा. मदिना येऊन गेली असेल, आता बदर, असं ते बोटांवर मोजत राहिले.

रात्री, इशाच्या नमाजानंतर, हाताखाली थरथर झाली. हरिहरांनी फोन उचलला आणि बराच वेळ "ऐवा, ऐवा" असं अरबी हो-हो करत ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग ते हसले आणि ओठ स्पष्ट हलवत म्हणाले, "पोचले. सगळे पोचले. तो तुम्हाला शिव्या देतोय. म्हणतो, माझं कुटुंब बर्फ झालं, हुसेन खलास, एक्झिट. गाडीचा आवाज मात्र राजासारखा आहे म्हणतो."

हुसेनमियाँ खुर्चीत मागे टेकले.

"आणि धाकटीचं डोकं दुखतंय. दुपारपासून दोनदा ओकली. वाऱ्याने झालं म्हणतो."

हुसेनमियाँ ताडकन उठले. "कुठे बसली होती? ड्रायव्हरच्या मागे की पलीकडे? विचारा! आणि त्याला सांगा, परत त्या गाडीत बसवू नको. धुराने झालं असेल ते! सांगा!"

हरिहर रिसीव्हरमध्ये बोलू लागले, थांबले, बटण दोनदा दाबलं. लाइन गेली होती. मक्केतल्या कुठल्या हॉटेलातून फोन आला हे विचारायचं राहून गेलं होतं.

रिसीव्हर हुसेनमियाँनी त्यांच्या हातातून घेतला आणि आपल्या कानाला लावला. तसेच उभे राहिले, लक्षपूर्वक.